सॅटा की मोलेक्स? ग्राफिक्स कार्डाचा कन्व्हर्टर निवडताना

एसएमपीएसला (कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा) ग्राफिक्स कार्डाची सहा पिनी वायरच नाही, मग कन्व्हर्टर सॅटाचा (हार्ड डिस्कला वीज देणारा चपटा प्लग) घ्यावा की मोलेक्सचा (जुना चार पिनी प्लग)?

कार्डाचं सहा पिनी सॉकेट ७५ वॅटपर्यंत मागतं. सॅटाच्या प्लगात १२ व्होल्टच्या तीन बारीक पिना, प्रत्येकी दीड अँपिअर. म्हणजे जेमतेम ५४ वॅट. त्यापुढे प्लग तापतो, प्लास्टिक वितळूही शकतं. पाकिटावर काहीही छापलेलं असो. मोलेक्सला १२ व्होल्टची पिवळी वायर एकच, पण पिन जाडजूड. दोन मोलेक्सवाला कन्व्हर्टर दोन वेगळ्या वायरींवर लावला तर निभावतं. पिना तेवढ्या ढिल्या नकोत. किंमत दोन्हींची किरकोळच.

सहा पिनी कार्ड आणि दमदार एसएमपीएस असेल तर मोलेक्स चालेल. सॅटा हार्ड डिस्कलाच राहू द्या. आठ पिनी, १५० वॅटचं सॉकेट असेल तर सरळ नवा एसएमपीएस घ्या.