११ महिने, २६०० किलोमीटर आणि टस्कनीचे चढ : माझी ई-बाईक (आणि नवऱ्याची साधी सायकल)

गेल्या मे महिन्यात ई-बाईक घेतली तेव्हा पुण्याच्या वहिनीपासून ऑफिसातल्या लोकांपर्यंत सगळे विचारत होते, कशी आहे कशी आहे. मी म्हणायचे थांबा, जरा वापरून सांगते. आता ११ महिने झाले, डिस्प्लेवर २६०० च्या वर किलोमीटर दिसतायत, म्हणजे बोलायला हरकत नाही. म्युनिकमधलं आमचं घर ते ऑफिस सगळं सपाट आहे, तिथे कुठलीही सायकल चालते, त्यात काय कौतुक. खरी परीक्षा झाली सप्टेंबरअखेरीस, इटलीत, टस्कनीतल्या डोंगरावरच्या जुन्या गावांमधून आम्ही दोघं आठ दिवस सायकलने फिरलो तेव्हा. त्यामुळे हा रिव्ह्यू निम्म्याहून जास्त तिथलाच आहे.

आधी गाडीचं. २५० वॅटची मोटर, ती पेडलपाशी असते, ५०० वॅट-अवरची बॅटरी, वजन २५ किलो. ताशी २५ च्या वर गेलं की मोटर मदत थांबवते, युरोपातला नियमच आहे तो. स्कूटर नाहीये, पाय मारावेच लागतात. नवऱ्याने मात्र ई-बाईक घ्यायला साफ नकार दिला. "मी दर रविवारी सायकलने सिंहगड चढायचो" हे वाक्य आमच्या घरात इतक्यांदा झालंय की आता माझ्या आईलाही पाठ आहे, आणि ते खोटं नाहीये, फक्त ते लग्नाआधीचं आहे. तर मी ई-बाईकवर आणि तो साध्या २४ गिअरच्या सायकलवर, असे निघालो.

ट्रेनचं थोडक्यात. म्युनिक ते व्हेरोना गाडीत सायकलची जागा आधी बुक करायची, पुढे इटलीतल्या रिजनल गाड्या बदलत जायचं. रिजनल गाडीत सायकलचं वेगळं तिकीट काढावं लागतं, आम्हाला साडेतीन युरो पडलं. स्वस्त आहे, पण जुन्या डब्यांच्या पायऱ्या उंच असतात आणि पंचवीस किलोचं धूड वर चढवताना सगळं फलाट आपल्याकडे बघत असतं. युक्ती एकच, बॅटरी आणि बॅगा काढून आधी त्या आत टाका मग सायकल उचला.

आता मुख्य मुद्दा, जो मला कुणी आधी सांगितला नव्हता. आमचा रूट होता पोज्जीबोन्सी स्टेशन, सान जिमिन्यानो, व्होल्तेरा, मोन्तेरिज्जोनी, सिएना, मोन्ताल्चिनो, पिएन्झा, मोन्तेपुल्चानो. रोजचे किलोमीटर तीस ते पन्नास, कागदावर अगदी पोरखेळ. पण ही सगळी गावं शत्रूपासून वाचायला टेकडीच्या डोक्यावर बांधलेली, म्हणजे आपल्या गडांसारखीच, फक्त यांनी वर हॉटेलं काढलीत. म्हणजे दिवसभराचा घाम गाळून झाला, पाय संपले, पाणी संपलं, की मग शेवटचा चढ सुरू होतो, कारण हॉटेल वर आहे. आणि खाली खोऱ्यातल्या सुपरमार्केटात काही राहिलं असेल तर तो चढ परत. इथे किलोमीटर मोजूच नका, दिवसाची चढाई किती मीटर ते बघा.

व्होल्तेरा समुद्रसपाटीपासून ५०० मीटरच्या वर आहे. सान जिमिन्यानोकडून येताना ते लांबूनच दिसतं, आणि दिसतच राहतं, जवळ येत नाही. मी आधी इकोवर (मोटरची सगळ्यात कमी मदत), मग टूरवर, शेवटी लाज सोडून टर्बोवर (सगळ्यात जास्त मदत) वर आले आणि एका वळणावर पाण्याची बाटली घेऊन उभी राहिले. वीस मिनिटांनी हे साहेब दिसले, जर्सीवर मिठाचे पांढरे नकाशे, आणि पहिलं वाक्य, "मी फोटो काढायला थांबलो होतो." बरं.

तिथे माझ्या बॅटरीचा शेवटचा दांडा लुकलुकत होता आणि रूमवर गेल्यावर कळलं की आमच्या चार्जरचा जाडा गोल जर्मन प्लग तिथल्या सॉकेटात जातच नाही. इटालियन सॉकेटला एका ओळीत तीन बारीक भोकं. सगळं युरोप एकच असं गृहीत धरून चालले होते, म्हणजे चूक माझीच. हार्डवेअरचं दुकान दुपारचं बंद (पुणेकराने यावर काही बोलू नये). मग दुकान उघडेपर्यंत गावातली जुनी एट्रुस्कन (रोमनांच्याही आधीच्या लोकांची) कमान बघायला गेलो. तिच्यावर दगडाची तीन डोकी आहेत, झिजून आता नाक-डोळेही कळत नाहीत. तिथे वाचलं की १९४४ मध्ये जर्मन सैन्य ही कमान उडवणार होतं, तेव्हा गावातल्या लोकांनी रस्त्याच्या फरश्या उखडून कमानीचं तोंडच बुजवून टाकलं आणि ती वाचवली. आणि मी खाली जर्मन प्लग हातात घेऊन उभी. चारला दुकान उघडलं, आजोबांनी माझ्या हातातला प्लग बघितला, "तेदेस्का?" म्हणजे जर्मन का, असं विचारलं, आणि मी "इंडियाना" म्हणेपर्यंत ड्रॉवरमधून अडॅप्टर काढून काउंटरवर ठेवलासुद्धा. तुम्ही जर्मनीहून जात असाल तर अडॅप्टर घरूनच न्या.

सिएनात शिरताना सान्ता कातेरीना नावाची एक गल्ली आहे, स्त्रादे ब्यांके या मोठ्या सायकल रेसचा शेवटचा चढ, १६ टक्क्यांपर्यंत जातो. मी टर्बोवर चढले, पर्यटकांनी टाळ्या वाजवल्या, मी त्यांना मोटर दाखवली नाही. नवरा ढकलत आला. पण दुसऱ्या दिवशी त्याचा दिवस उगवला, कारण वाटेत लोकरीच्या जर्सी घातलेली, जुन्या लोखंडी सायकलींवरची म्हातारी मंडळी भेटायला लागली, लेरोइकाची तयारी करणारी. १९९७ पासून दर ऑक्टोबरात गायोले गावातून ही राइड निघते, १९८७ च्या आधीच्याच सायकली चालतात, आणि ती सुरू केली तीच इथले पांढरे कच्चे रस्ते डांबराखाली जाऊ नयेत म्हणून. "बघ, सत्तर वर्षांचे असतील, आणि बॅटरी नाही." हे मी दोन दिवस ऐकलं.

त्या पांढऱ्या रस्त्यांबद्दल एकच सांगते. कोरडे असताना स्वर्ग, पाऊस पडला की चिकणमाती. सिएनाच्या दक्षिणेला तासभर पाऊस झाला आणि टायर नि मडगार्डच्या मध्ये माती अशी बसली, मोदकाची उकड परातीला धरते तशी, की चाक फिरेना. मोटर कितीही ताकदीची असो, चाकच अडकलं तर ती काय करणार. सायकली उलट्या करून काटक्यांनी माती काढत बसलो आणि तेव्हा मात्र २५ किलो उलटं करणं म्हणजे काय ते कळलं. नवऱ्याची सायकल पाच मिनिटांत मोकळी. हा मार्क प्रामाणिकपणे साध्या सायकलला.

खाण्याचं काय, आम्ही दोघं शाकाहारी, काहीही अडलं नाही. पिची म्हणून हाताने वळलेला जाड पास्ता असतो, लसूण-टोमॅटोच्या सॉसमधला, तो मी चारदा खाल्ला. पिएन्झाचं पेकोरिनो चीज घ्याच. (पिएन्झा म्हणजे एका पोपने आपलं जन्मगाव १४५९ पासून तीनेक वर्षांत नव्याने बांधून घेतलं ते, चौक एवढासा आणि भोवती सगळा थाट.) टस्कनीच्या पावात मीठ नसतं, पहिल्या दिवशी वाटलं बेकरीवाला विसरला. आईने दिलेली लसणाची चटणी त्या पावावर लावून खाल्ली, तेल ऑलिव्हचं, आणि आम्ही दोघंही पाच मिनिटं काही बोललो नाही.

आता परत आल्यानंतरचं. पुढचे ब्रेक पॅड त्या उतारांनी खाल्ले, आल्याबरोबर बदलले. या मोटरवाल्या सायकली चेन लवकर झिजवतात असं ऐकलं होतं, खरं आहे, १९०० किलोमीटरला चेन बदलावी लागली. जिथे गाडी दिली त्या दुकानाने आठवडाभर ठेवून घेतली आणि बेल तुटलेली परत दिली, नाव घेत नाही. थंडीत बॅटरीची रेंज चांगलीच कमी झाली, रात्री बॅटरी घरात आणून ठेवायला लागल्यावर जरा सुधारली. सीट मात्र पहिल्या दिवसापासून भिकार होती, ती तिसऱ्या महिन्यात बदलली.

वहिनीसाठी: इथून ई-बाईक पुण्याला विमानाने नेता येणार नाही आणि तिकडून आणताही येणार नाही, एवढी मोठी बॅटरी प्रवासी विमानात चालत नाही. तुम्ही येणार असाल तर टस्कनीतच भाड्याने घ्या, दोघांनाही ई-बाईकच घ्या, आणि दादाने सिंहगडाचं नाव काढलं तर त्याला माझ्याशी बोलायला सांग.

या सप्टेंबरात इटलीतल्याच उंब्रियाला जायचं ठरतंय, असिसी, स्पेल्लो, ऑर्व्हिएतो, परत सगळं डोक्यावरच. नवऱ्याने परवा जेवताना सहज विचारलं, मोठी ६२५ ची बॅटरी असते ना, ती किती जाते गं एका चार्जमध्ये, नाही म्हणजे नुसतं माहिती म्हणून.