ट्रूपर की गावची पोलीस? न्यू जर्सीतला पेच

एडिसनमध्ये वाढलेल्या भाचीला पोलिसात जायचंय. स्टेट ट्रूपर (राज्य पोलीस) व्हावं की टाउनशिपच्या, म्हणजे गावच्या दलात जावं, यावर अडलंय. भरतीच्या जाहिरातीतली चकचकीत गाडी बाजूला ठेवू.

प्रशिक्षण: ट्रूपरला सी गर्टच्या अकादमीत राहावं लागतं, घर फक्त शनिवार-रविवारी. शिस्त लष्करी, मध्येच सोडून जाणारे असतातच. टाउनशिपवाले बरेचदा काउंटीच्या अकादमीत रोज ये-जा करतात.

काम: इथेच खरा फरक. ट्रूपरच्या वाट्याला टर्नपाइक, पार्कवे हे मोठे महामार्ग, अपघात, दारू पिऊन गाडी हाकणारे. शिवाय स्वतःचे पोलीस नसलेली दक्षिणेकडची गावं. पाइनलँड्सच्या जंगली भागात रात्री एकटीने गाडी अडवायची आणि मदत बरीच लांब. गावात मात्र तेच चौक, तीच दुकानं, घरगुती भांडणं, चोऱ्या. माणसं ओळखीची होतात. (नातेवाईकही दंड माफ करायला सांगतात, तो वेगळा ताप.)

बदली: ट्रूपरला राज्यात कुठेही टाकतात. गावचा पोलीस गावातच.

निवृत्ती: ट्रूपरला पंचावन्नाव्या वर्षी सक्तीने, गावच्या पोलिसाला पासष्टाव्या.

महामार्ग, फिरती आणि एकटीने निर्णय घेणं झेपत असेल तर ट्रूपर. आईवडिलांजवळ राहायचं असेल, लोकांत मिसळायला आवडत असेल तर टाउनशिप. भाचीला मी टाउनशिपच सुचवेन. तिला गप्पांशिवाय करमत नाही.