पावसाळी गटार: जाळी की दंड?

रस्त्याकडेच्या पावसाळी गटारात कचरा जाऊ नये म्हणून तोंडाशी जाळी बसवतात. बाटल्या, पिशव्या तिथेच अडतात. पण बारीक जाळीवर पहिल्याच सरीत पालापाचोळा आणि प्लास्टिकचा थर बसतो, नि पाणी रस्त्यावर तुंबतं. ती वेळोवेळी साफ करणारं कुणी नसेल तर जाळी न बसवलेलीच बरी. शिवाय गाडीचं जुनं तेल, रंगाचं पाणी, सिमेंटची रबडी कुठलीच जाळी अडवत नाही. बहुतेक ठिकाणी हे पाणी प्रक्रियेविनाच नदीत जातं, म्हणून जीव तुटतो.

तिथे दंडच हवा. मात्र रात्री ओतणारा सापडणार कसा? वापरलेलं तेल देण्याची सोय जवळ असेल तरच दंड न्याय्य. मी आधी ती सोय मागेन, मग दंड.