माळ्यावरचा स्पेक्ट्रम आणि बीबीसी मायक्रो: दुरुस्ती, एम्युलेटर की एफपीजीए?

नौपाड्यातल्या किंवा वाशीतल्या जुन्या इमारतीचा पुनर्विकास ठरला की माळा रिकामा करावाच लागतो. मग एखाद्या घरी तो खोका खाली येतो. आत झेडएक्स स्पेक्ट्रम किंवा पिवळट पडलेला बीबीसी मायक्रो, असा ऐंशीच्या दशकातला ब्रिटिश संगणक असतो आणि शेजारी बुटांच्या खोक्यात त्याचे प्रोग्राम साठवलेल्या कॅसेट, सव्वापाच इंची फ्लॉप्या. आपल्याकडे स्पेक्ट्रमची पुढची आवृत्ती, स्पेक्ट्रम प्लस, ‘डीबी स्पेक्ट्रम’ या नावानं विकला गेला. बीबीसी मायक्रो १९८४ मध्ये सुरू झालेल्या ‘क्लास’ या सरकारी योजनेतून शाळांत पोचला आणि मोहालीच्या सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्सनं त्याची ‘युनिकॉर्न’ नावाची आवृत्तीही काढली. म्हणून इथे याच दोन यंत्रांचा विचार केला आहे.

हे सॉफ्टवेअर आज चालवायचे मार्ग तीन: मूळ यंत्र दुरुस्त करणं, लॅपटॉपवर एम्युलेटर, म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणारं सॉफ्टवेअर, घालणं, किंवा जुन्या यंत्राचं सर्किटच नव्या चिपमध्ये उभं करणारा एफपीजीए बोर्ड घेणं. तिन्हींचा हिशेब पुढे आहे. पण निवड करण्याआधी खोक्यातल्या कॅसेट दोन ढिगांत लावा. छापील कव्हरच्या एका बाजूला, हातानं नाव लिहिलेल्या दुसऱ्या बाजूला. छापील खेळांच्या प्रती जगभरच्या संग्रहांत बहुतेक सापडतात. पण ‘दुकान बिल’ किंवा ‘१०वी गणित’ असं बॉलपेननं लिहिलेल्या कॅसेटवरचा प्रोग्राम जगात फक्त त्या खोक्यात आहे. पैसे आणि वेळ आधी त्या ढिगाला द्या. यंत्र आणखी वर्षभर बंद राहिलं तर फारसं बिघडत नाही, पण खाडीकाठच्या दमट हवेत टेप आणखी एक पावसाळा काढेलच याची खात्री नाही.

आधी वाचून घ्या

कॅसेट वाचायला स्पेक्ट्रम लागतच नाही. चांगला टेपडेक, यूएसबीचा लाइन-इन असलेला साउंड ॲडॅप्टर आणि ऑडासिटीसारखं सॉफ्टवेअर एवढ्यावर काम होतं. लॅपटॉपचं एकच जॅक बहुतेक वेळा माइकसाठी असतं. त्यात डेक लावला की आवाज फाटतो, म्हणून ॲडॅप्टर वेगळा घ्या. ‘कॅसेट ते एमपी३’ म्हणून मिळणारे स्वस्त डबे टाळा. त्यांचा वेग डगमगतो आणि एमपी३ नेमकी तीच तीक्ष्ण कड खाते जिच्यावरून बिट ओळखायचा असतो.

क्रम असा ठेवा. कॅसेटच्या वरच्या कडेचे दोन्ही प्लास्टिकचे तुकडे मोडा, म्हणजे चुकून वर रेकॉर्ड होणार नाही. खिडकीतून टेपची गुंडाळी पाहा. पांढरी पूड किंवा जाळी दिसली तर ती बुरशी. अशी कॅसेट डेकात घातली तर हेड खराब होतं आणि पुढच्या कॅसेटलाही लागण होते. ती स्क्रू खोलून, मास्क लावून, ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसानं हळूहळू पुसावी लागते. आतल्या स्पंजच्या दाबपट्टीचा गोंद सुटलेला असेल तर ती आधी चिकटवा. हेड, कॅप्स्टन (टेप ओढणारा बारीक दांडा) आणि रबरी चाक त्याच अल्कोहोलनं साफ करा, डॉल्बी बंद ठेवा. रेकॉर्डिंग ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, मोनो, वेव्ह फाइलमध्ये करा. पातळी सर्वांत मोठ्या ठिकाणीही शून्याच्या ३ ते ६ डेसिबल खाली राहू द्या. ३० मिनिटांची एक बाजू साधारण १६० एमबी होते. ही वेव्ह फाइल कायम ठेवा, कारण आज न वाचलेला ब्लॉक, म्हणजे डेटाचा तुकडा, उद्याच्या चांगल्या साधनानं वाचता येईल.

लोड होत नसेल तर पहिला संशय ॲझिमथवर घ्या, म्हणजे हेडच्या तिरपेपणावर. टेप ज्या डेकवर भरली त्याचं हेड जरा तिरपं असेल, तर तुमच्या सरळ हेडला वरच्या पट्टीचे सूर दबके येतात. हेडशेजारच्या स्प्रिंगवाल्या स्क्रूला टेप चालू असताना पाव वळणाच्या आत फिरवा आणि आवाज सर्वांत धारदार होतो तिथे थांबा. काम झालं की मूळ जागी आणायला विसरू नका.

स्पेक्ट्रमची टेप कानाला ओळखू येते. सुरुवातीला सुमारे ८०७ हर्ट्झची सलग शिट्टी, हेडरच्या (प्रोग्रामचं नाव सांगणाऱ्या छोट्या ब्लॉकच्या) आधी ५ सेकंद आणि डेटाच्या आधी २ सेकंद. मग खरखर. त्यात शून्याचा सूर सुमारे २,०४७ हर्ट्झ आणि एकाचा त्याच्या निम्मा. यंत्रावर लावलं तर शिट्टीला पडद्याची किनार लाल-आकाशी आणि डेटाला निळी-पिवळी पट्ट्यापट्ट्यांची होते. ४८ केबी पूर्ण भरायला साडेचार-पाच मिनिटं लागतात. पण ब्लॉकच्या शेवटी तपासणीचा एकच बाइट असतो. मध्ये एक बिट जरी घसरला तरी ब्लॉक संपल्यावर ‘आर टेप लोडिंग एरर’ येते आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. बीबीसी मायक्रोची टेप इथे फार सोशीक आहे. ती २५६ बाइटचे तुकडे पाडते आणि प्रत्येक तुकड्याची तपासणी वेगळी ठेवते, त्यामुळे चूक आली तर थोडं मागे घेऊन तेवढाच तुकडा पुन्हा वाचता येतो. दोन्हींच्या कॅसेट असतील तर आधी स्पेक्ट्रमच्या घ्या.

वेव्ह झाली की ती टीएपी किंवा टीझेडएक्स या एम्युलेटरला समजणाऱ्या फाइलमध्ये बदला. फ्यूज या मोफत एम्युलेटरसोबतच्या युटिलिटी संचात त्यासाठी साधन आहे. साध्या बेसिक प्रोग्रामला टीएपी पुरते. ज्या खेळांनी स्वतःचा वेगवान लोडर वापरला त्यांना टीझेडएक्सच लागते, कारण तीत पल्सचे कालावधी जसेच्या तसे राहतात.

फ्लॉपीचं गणित वेगळं. बीबीसीच्या डीएफएस (त्याची डिस्कवर फाइल ठेवायची पद्धत) फ्लॉप्या एफएम या जुन्या रेकॉर्डिंग पद्धतीच्या आहेत, ट्रॅकला १० सेक्टर, सेक्टरला २५६ बाइट. ४० ट्रॅकची एक बाजू १०० केबी, ८० ट्रॅकची २००. बाजारातला यूएसबी फ्लॉपी ड्राइव्ह साडेतीन इंची आणि पीसी फॉरमॅटपुरताच असतो, त्याचा इथे उपयोग नाही. सव्वापाच इंची ड्राइव्ह आणि त्याला जोडलेला ग्रीझवीझल बोर्ड घ्या. तो सेक्टर वाचण्याऐवजी चुंबकीय बदल जसेच्या तसे टिपतो. ८० ट्रॅकच्या ड्राइव्हवर ४० ट्रॅकची फ्लॉपी वाचताना दुप्पट पावलं टाकायची सेटिंग द्या. त्या ड्राइव्हनं जुन्या फ्लॉपीवर लिहू मात्र नका. त्याचं हेड अरुंद असल्यानं जुन्या रेषेच्या कडा तशाच उरतात आणि ४० ट्रॅकच्या ड्राइव्हला दोन्ही मिसळून ऐकू येतं. वाचण्याआधी कडेची खाच चिकटपट्टीनं झाका. सव्वापाच इंचीत खाच झाकली की लिहिणं बंद होतं. साडेतीन इंचीत नेमकं उलटं, भोक उघडं ठेवायचं.

मूळ यंत्र

खोक्यातून काढून प्लग लावून पाहणं ही या कामातली सर्वांत महाग चूक.

स्पेक्ट्रमला ९ व्होल्ट डीसी, सुमारे १.४ अँपिअर लागतात आणि पिनेच्या मध्यभागी ऋण असतो. घरात पडलेल्या वायफाय राउटरच्या ॲडॅप्टरची पिन तशीच बसते, पण त्यात मध्यभागी धन असतो. तो लावला की आतलं व्होल्टेज बदलणारं सर्किट जातं आणि बहुधा मेमरीलाही घेऊन जातं. खालच्या १६ केबीच्या आठ ४११६ चिपना (आयसी ६ ते १३) तीन व्होल्टेज लागतात: पिन १ वर उणे ५, पिन ८ वर अधिक १२, पिन ९ वर अधिक ५, आणि पिन १६ ग्राउंड. टीआर४ आणि टीआर५ या दोन ट्रान्झिस्टरांपैकी एक गेला की उणे ५ नाहीसं होतं आणि १२ व्होल्ट चालूच राहिले तर चिप तापून मरतात. म्हणून पहिल्यांदा चालू कराल तेव्हा मल्टिमीटरची टोकं तिथेच हवीत. तीनपैकी एक जरी व्होल्टेज चुकलं तर लगेच बंद करा.

झाकण उघडताना कीबोर्डच्या दोन पारदर्शक पट्ट्या आखूड असतात आणि इतक्या वर्षांनी कुरकुरीत झालेल्या असतात. झाकण जोरात उचललं की त्या तडकतात. नवीन मेम्ब्रेन बनते, ती मागवायची तयारी आधीच ठेवा. ७८०५ रेग्युलेटर, इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर, आयसीचे सॉकेट यांसाठी लॅमिंग्टन रोडची एक फेरी पुरते. यूएलए ही फेरांटीची खास चिप मात्र गेली तर परदेशातूनच पर्याय येतो.

चित्रासाठी मूळ आउटपुट यूएचएफ चॅनेल ३६ वर, म्हणजे टीव्हीच्या अँटेनाच्या सॉकेटसाठी, येतं. मॉड्युलेटरकडे जाणारी व्हिडिओची जोडणी सोडवून ती थेट आरसीए सॉकेटच्या मधल्या पिनेला देणं हा सोपा आणि परत फिरवता येणारा बदल आहे. टेपऐवजी एसडी कार्डवरून भरायला मागच्या कनेक्टरवर डिव्हएमएमसी लावा.

बीबीसी मायक्रोत मेमरीपेक्षा पॉवर सप्लायची भीती. त्यात मेन्सवर बसवलेले पारदर्शक पिवळट रिफा कॅपॅसिटर असतात. त्यांच्या कवचाला बारीक भेगा पडतात, दमट हवा आत शिरते आणि चालू केल्यावर काही मिनिटांत ते फुटतात. घरभर उग्र धूर होतो. यंत्र बहुतेक वेळा वाचतं, पण धूर होईपर्यंत थांबायचं कशाला? ०.१ आणि ०.०१ मायक्रोफॅरडचे दोन्ही कॅपॅसिटर काढून २७५ व्होल्ट एसीचे एक्स२ वर्गाचे नवे बसवा. साधे कॅपॅसिटर तिथे चालत नाहीत. प्लग काढल्यावरही मोठ्या कॅपॅसिटरवर ३०० व्होल्टच्या वर डीसी उरू शकतं. हे काम मेन्सच्या दुरुस्तीची सवय असलेल्या माणसाकडूनच करून घ्या.

एवढं झालं की बीबीसी स्पेक्ट्रमपेक्षा जास्त निभावून नेतो. आरजीबी आउटपुट मूळचंच आहे, रास्पबेरी पाय झीरोवरचं आरजीबी-टू-एचडीएमआय जोडलं की आजच्या मॉनिटरवर चित्र काचेसारखं स्वच्छ येतं. डिस्क इंटरफेस बसवलेला असेल तर फ्लॅशफ्लॉपी हे सॉफ्टवेअर घातलेला गोटेक ड्राइव्ह (फ्लॉपीऐवजी यूएसबी स्टिक वाचणारा), नसेल तर यूजर पोर्टवर एसडी कार्ड आणि ते डिस्कसारखं वापरू देणारी एमएमएफएसची रॉम (कायमचं सॉफ्टवेअर असलेली चिप).

एम्युलेटर

खर्च शून्य, आणि बहुतेक घरांसाठी पुरेसा. स्पेक्ट्रमला फ्यूज, बीबीसीला बीबईएम. स्पेक्ट्रमची रॉम एम्युलेटरसोबत वाटायला ॲमस्ट्रॅडनं परवानगी दिलेली आहे. खेळांचे हक्क मात्र ज्याचे त्याचे.

अडचण सुरुवातीला कीबोर्डची होते. स्पेक्ट्रमवर ‘लोड’ अक्षर-अक्षर टाइप होत नाही, ‘J’ ही कळ दाबली की अख्खा शब्द उमटतो आणि अवतरणचिन्हासाठी सिम्बॉल शिफ्टसोबत ‘P’. मूळ कीबोर्डचं चित्र छापून शेजारी ठेवा. दुसरी गोष्ट फार कमी जण पाहतात. स्पेक्ट्रम सेकंदाला ५०.०८ चित्रं काढतो आणि लॅपटॉपचा पडदा ६० वेळा ताजा होतो. त्यामुळे सरकणारा मजकूर किंवा खेळातला देखावा अडखळतो. यंत्र मंद आहे असं वाटून सेटिंग बदलत बसू नका. एचडीएमआयनं टीव्हीला जोडून ५० हर्ट्झ निवडा आणि टीव्ही गेम मोडवर ठेवा.

एफपीजीए, आणि नव्या डब्यातला जुना

मिस्टर हा एफपीजीए प्रकल्प डीई१०-नॅनो बोर्डावर चालतो. सोबत एसडीरॅमचं मॉड्यूल घ्यावं लागतं. स्पेक्ट्रम आणि बीबीसी दोन्ही त्यात आहेत, कळ दाबल्यापासून पडद्यावर उमटेपर्यंतचा उशीर जवळजवळ मूळ यंत्राइतका, आणि योग्य बोर्ड जोडला तर कॅसेट प्लेअर थेट लावून टेप भरता येते. सोल्डरिंग करायची इच्छा नाही पण हाताला तीच जाणीव हवी, त्यांना हा मार्ग मनापासून सुचवतो. तिन्हींत आगाऊ खर्च याचाच मोठा. ऑर्डर देण्याआधी सीमाशुल्क आणि कुरियर धरून बेरीज करा.

२०२४ च्या नोव्हेंबरात आलेला ‘द स्पेक्ट्रम’ रबरी कळांचा, एचडीएमआयचा, ४८ खेळ आत असलेला डबा आहे. दिसतो अगदी तसाच, पण आत एम्युलेटर आहे आणि कॅसेटचं सॉकेट नाही. टीएपी फाइल यूएसबीवरून चालते. नातवंडांना दाखवायला छान, पण कॅसेट वाचवायला त्याचा उपयोग नाही.

मग घ्यायचं काय

हस्तलिखित नावाच्या कॅसेट असतील आणि खर्च एकदाच करायचा असेल, तर डेक, साउंड ॲडॅप्टर आणि मोफत एम्युलेटर. यंत्र तसंच नीट ठेवून द्या. यंत्र शाळेच्या प्रदर्शनात किंवा घरात रोज चालवायचं असेल तर बीबीसी दुरुस्त करा. स्पेक्ट्रम दुरुस्त करायचा तर मल्टिमीटर हाताळणारं कोणी घरात असावं, कारण एकदा दुरुस्त झाला म्हणजे काम संपलं असं त्यात होत नाही. खेळांतच जीव असेल तर मिस्टर.

आणि घर जुलैत रिकामं करायचंय, भाड्याच्या जागेत जायचंय, सवड दिवाळीनंतरच मिळणार, अशी परिस्थिती असेल तर काहीच उघडू नका. कॅसेट शेवटपर्यंत गुंडाळून आपल्या डबीत उभ्या ठेवा, फ्लॉप्या त्यांच्या पाकिटात. रबरी कडेचा हवाबंद डबा, आत सिलिका जेलच्या पुड्या आणि आर्द्रता दाखवणारा छोटा मीटर. काटा ४० ते ५० टक्क्यांत हवा, ६० च्या वर गेला की पुड्या बदला. कॅमेऱ्याच्या लेन्ससाठी मिळणारा ड्राय बॉक्स असेल तर उत्तमच. बुरशी लागलेल्या कॅसेट वेगळ्या डब्यात ठेवा. स्पीकरपासून लांब, लोफ्टवर नको, बाहेरच्या भिंतीला टेकवून नको. आणि डब्यावर ठळक लिहा की आत काय आहे, नाहीतर सामान हलवताना तो भंगारवाल्याच्या गाडीवर जातो.