मिलिटरीचं लॉनचं काम, चाळीस रुपये फूट आणि माझे १,३४,१९५ रुपये

लॉनवाले, नर्सरीवाले, माती-मुरूमवाले, टँकरवाले, केटरर, सगळ्यांनी वाचा. मिलिटरीत काम आहे सांगून ऑनलाइन ॲडव्हान्सच्या नावाखाली लुटायचं, हा प्रकार तुम्हाला माहीत आहेच. मलाही माहीत होता. पेपरात वाचला होता, चार ग्रुपवर फॉरवर्डही केला होता. तरी माझे पैसे गेले. कारण या माणसाने ओटीपी मागितला नाही, लिंक पाठवली नाही, कुठलं ॲप टाकायला लावलं नाही. त्याने कोटेशन मागितलं. आणि आपल्या धंद्यात कोटेशन मागणाऱ्याला कोण चोर म्हणतं?

मे संपत आला होता. पाऊस तोंडावर, म्हणजे लॉनची चौकशी सुरू व्हायचे दिवस, पण हातात एकही मोठं काम नव्हतं. फोन आला, शुद्ध हिंदी, दमदार आवाज. मी कॅप्टन अमुक, पुण्याबाहेरच्या एका लष्करी वसाहतीचं नाव घेतलं, ऑफिसर्स मेससमोर १२,००० स्क्वेअर फूट लॉन करायची आहे, सोमवारी मोठ्या साहेबांचं इन्स्पेक्शन आहे, दर सांगा. ट्रूकॉलरवर फौजी टोपीतला फोटो आणि नावाआधी ‘कॅप्टन’. मागाहून व्हॉट्सॲपवर कँटीन कार्ड आणि आधार कार्डाचे फोटो. (इथेच सांगून ठेवतो: खरा अधिकारी अनोळखी ठेकेदाराला स्वतःचं कार्ड पाठवत नाही. कार्ड न मागता आलं की समजा कुणीतरी कार्ड वाटत फिरतंय.)

मी साइट बघायला येतो म्हणालो. दहा वर्षांत मी न बघता दर दिलेला नाही. लॉनचा दर गवतावर नसतोच, खालच्या जमिनीवर असतो. खाली मुरूम आहे की काळी, उतार किती, हायवा (मोठा डंपर) आतपर्यंत जाते की माती घमेल्याने वाहायची, पाणी कुठून, सावली किती, कारण सावलीत मेक्सिकन, म्हणजे लॉनच्या गवताची जात, झुरते. तो म्हणाला, “भाईसाहब, सिक्युरिटी का मामला है, गेटपास पेमेंट एंट्री के बाद ही बनता है. फोटो भेज रहा हूँ, उसी पे रेट दे दो.” आता मला सांगा, लष्कराच्या वसाहतीत कुणाला सहज आत सोडतात का? नाही सोडत. मग मला त्यात वावगं काय वाटणार?

फोटो आले तीन. चुना मारलेल्या दगडांची किनार, झेंड्याचा खांब, समोर मोकळी लालसर जमीन आणि मागे उंच झाडांची रांग.

या झाडांवर मी अजून अडकलोय. रात्री झोप लागत नाही तेव्हा तोच फोटो उघडून मोठा करून बघतो. झाडं चिडाची आहेत. चीड, म्हणजे पाइन! हिमाचल, उत्तराखंडात डोंगरभर असते ती. जाड साल, खवल्याखवल्यांची, आणि एका फांदीला तर शंकूसुद्धा दिसतायत. पुण्याच्या आसपासच्या छावणीत चिडाची अख्खी रांग कुठून येणार? मला पहिल्यांदा ती सुरूची झाडं वाटली. लांबून सुरूची पानं तशीच सुईसारखी दिसतात आणि आपल्याकडे जुन्या सरकारी आवारांत सुरू लावलेली असतेच. फोटो मोबाइलवर, उन्हात, बाइक बाजूला घेऊन बघितलेला. दोन बोटांनी झूम करायचं होतं, बस. गिऱ्हाइकाच्या बागेतलं एक पिवळं पान बघून लोहाची कमतरता सांगणारा मी, मला संपूर्ण जंगल दिसलं नाही!

असो. दर काढला. आपल्यातल्यांना कळावा म्हणून मांडतो. शेतावरून मातीसकट तुकड्यांत कापून आणलेली मेक्सिकन १२ रुपये फूट. तांबडी माती तीन इंच, म्हणजे १२,००० फुटांना ३,००० घनफूट, ३० ब्रास. ब्रासला ४,००० धरून १,२०,०००, फुटाला पडले १०. शेणखत २, सपाटीकरण-लावणी-रोलर ६, वाहतूक २, महिन्याची देखभाल ३. झाले ३५. वर ७, त्यातच तुकड्यांची तूटफूट आणि माझं पोट. ४२ सांगितले.

तो ३५वर अडून बसला. “आगे और यूनिट का काम है, थोड़ा देखो.” बराच वेळ घासाघीस केली आणि ४०वर आला. एकूण ४,८०,०००, निम्मे ॲडव्हान्स, २,४०,०००. आणि माझा उरलासुरला संशय मेला तो या घासाघिशीत. ज्याला पैसे द्यायचेच नाहीत तो दोन रुपयांसाठी कशाला भांडेल, असं कुणालाही वाटेल. नीट लक्षात घ्या, ही घासाघीस ते मुद्दाम करतात.

पण त्याने काय विचारलं नाही ते बघा. लव्हाळा, म्हणजे लॉनमधलं चिवट तण, आला तर कोण काढणार, हे विचारलं नाही. माती किती इंच, विचारलं नाही. पाणी दिवसातून किती वेळा, विचारलं नाही. बिल जीएसटीचं लागेल म्हणाला आणि माझा जीएसटी नंबर शेवटपर्यंत मागितला नाही. माझं आजवरचं एकही गिऱ्हाईक लव्हाळ्यावाचून फोन ठेवत नाही. ज्याला लॉन खरंच हवी असते त्याला गवताची काळजी असते, याला फक्त आकड्याची होती.

सोमवारचं इन्स्पेक्शन, म्हणून घाई. मी उरुळी कांचनच्या बाजूच्या आमच्या नेहमीच्या शेतावर आबांना फोन केला आणि पहिल्या खेपेचे ३,००० फूट पहाटे कापायला सांगितले. १२ प्रमाणे ३६,००० त्याच दुपारी पोचते केले. आबा उधार देत नाहीत आणि त्यांचं बरोबर आहे, कापलेली लॉन परत जमिनीला चिकटत नाही.

संध्याकाळी कॅप्टनचा फोन. “आर्मी का पेमेंट रिवर्स में होता है. आप जो भेजोगे उसका डबल आएगा.” हसू नका. मी पाच रुपये पाठवले, दहा आले. खरंच आले, लगेच. मग २४,००० पाठवा, ४८,००० येतील, असे दहा हप्ते. पाठवले. आले नाहीत. फोनवर दुसरा माणूस आला, ‘अकाउंट्स सेक्शन’, त्याच्यामागे टाइपिंगचा आवाज. रिमार्क चुकला, एंट्री अडकली, तेवढीच रक्कम पुन्हा टाका म्हणजे दोन्ही सुटतील. पुन्हा २४,०००. मग ‘टोकन रिलीज’ म्हणून ४९,५००. त्यापुढेही मागत होता, पण यूपीआयची दिवसाची एक लाखाची मर्यादा आडवी आली. माझे ९७,५००वर थांबले ते त्या मर्यादेमुळे. पहिले पाच गेले, दहा आले, म्हणजे निव्वळ ९७,४९५.

शहाणे लोक म्हणतील, पहिल्या २४,०००लाच थांबायचं. घरात बसून म्हणायला सोपं आहे. ३६,०००ची लॉन कापायला सांगून बसलेला माणूस थांबत नाही, अडकलेलं सोडवायला बघतो. आणि त्याने रात्री गोड बोलून सांगितलं की सकाळी सिस्टीम उघडली की सगळं एकदम जमा होईल, तुम्ही माल घेऊन गेटवर या, जवान थांबलेला असेल. म्हणून मी रात्री तक्रार केली नाही. हे वाक्य पुढे मला प्रत्येक टेबलावर ऐकवलं गेलं.

सकाळी टेम्पो आणि सहा माणसं घेऊन गेटवर. पहाऱ्यावरच्या जवानाने नाव ऐकलं, मोबाइलवरचं कार्ड बघितलं आणि अगदी शांतपणे म्हणाला, “इस नाम का कोई साहब नहीं है. इस महीने में आप तीसरे हो. परसों केक वाला आया था.” त्याने गाडी सावलीत लावू दिली, पाणी दिलं. या सगळ्या प्रकरणात माझ्याशी नीट बोललेला सरकारी पगाराचा तो एकमेव माणूस.

मी फोनवर फोन लावत होतो आणि ऊन चढत होतं. थप्पी लावलेली लॉन आतून तापते, हे आपल्यातल्यांना सांगायला नको. मधल्या थरात हात घातला तर गरम वाफ लागली आणि आंबूस वास. टेम्पोवाले मामा म्हणाले, “काय करायचं ते लवकर करा, हा माल दुपार बघत नाही.” हजारभर फूट एका सोसायटीत आठ रुपयांनी खपवले, ८,००० आले. बाकी पिवळी पडून गेली. टेम्पो ४,५००, माणसांची मजुरी ४,२००. बेरीज तुम्हीच करा, वर शीर्षकात लिहिली आहे.

आता सरकारी कथा. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावला. लागला तेव्हा तक्रार घेतली, पावती क्रमांक आला. त्यांचा पहिला प्रश्न, रात्री का नाही केला? बँकेत गेलो. साहेब स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाले, पिन तुम्हीच टाकलाय, बँक काही करू शकत नाही. रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७चं परिपत्रक त्यांनी मला वाचून दाखवलं, ग्राहकाचा निष्काळजीपणा असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं. हे वाचायला बरं जमलं! मग ज्याच्या खात्यात माझे पैसे गेले त्याची केवायसी कुणी केली? मला पत्ता बदलायचा होता तर लाइट बिल, भाडेकरार, पुन्हा फोटो, पुन्हा सही, सही जुळत नाही म्हणून परत पाठवणी. आणि चोराच्या खात्यात एका रात्रीत इतके पैसे येतात-जातात, एटीएममधून निघतात, तिथे कुणाची भुवई वर होत नाही. नियम सगळे आमच्यासाठीच!

पोलीस चौकीत म्हणाले सायबरला जा. सायबरवाले म्हणाले रक्कम लहान आहे, स्थानिकला जा. स्थानिकवाले म्हणाले, गेट दुसऱ्या आयुक्तालयाच्या हद्दीत, तिकडे जा. लहान रक्कम! माझी गाडी दुरुस्तीला उभी आहे त्या रकमेपायी. शेवटी एका वकील मित्राने सांगितलं तसं बोललो: भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३प्रमाणे हद्द कुठलीही असो, खबर घ्यावी लागते. तुम्हीही हे कलम तोंडपाठ करून जा, आवाज न चढवता म्हणा. हवालदारांनी माझ्याकडे नवीन नजरेने बघितलं आणि कागद पुढे ओढला. भारतीय न्याय संहितेचं ३१८(४) (फसवणूक), ३१९(२) (तोतयेगिरी) आणि आयटी कायद्याचं ६६-ड (ऑनलाइन तोतयेगिरी) लागलं. लिहून घेताना विचारतात, “एवढे शिकलेले दिसता, मग डबलवर विश्वास कसा ठेवला?” गुन्हा नोंदवायला आलोय की तोंडी परीक्षेला, कळेना. बाकावर बसलेल्या तीन अनोळखी लोकांनी पाच रुपयांचे दहा झाल्याची गोष्ट मन लावून ऐकली.

सध्याची स्थिती: ११,२०० रुपये पुढच्या एका खात्यात होल्ड झाले आहेत. मला दिसतात, मिळत नाहीत. कोर्टाचा आदेश आणा म्हणतात. अर्ज केलाय, तारीख पडली, पुन्हा पडली. बाकीचे पैसे खात्याखात्यांतून कुठे गेले याचं उत्तर ‘तपास चालू आहे’.

एक गोष्ट आता कळली, आधी कुणी सांगितली असती तर बरं होतं. लष्करी वसाहतीतली असली कामं एमईएसच्या (लष्कराच्या बांधकाम-देखभाल खात्याच्या) टेंडरने निघतात, बिल तपासून संरक्षण लेखा विभाग सरळ खात्यात पैसे टाकतो. कुठलाही कॅप्टन स्वतःच्या मोबाइलवरून तुमच्याशी यूपीआय यूपीआय खेळत नाही. साइट दाखवल्याशिवाय दर मागणाऱ्याला मी आता एकच सांगतो, गेटवर भेटू, तुमचा माणूस पाठवा. ॲडव्हान्स एनईएफटीने खात्यात दिसल्याशिवाय शेतावर फोन करायचा नाही, मग पाऊस तोंडावर असो की इन्स्पेक्शन. व्हॉट्सॲप चॅट डिलीट करू नका, लाज वाटून मी अर्धं केलं होतं, ते परत काढायला मोबाइलवाल्याने ६०० घेतले, ते वरच्या बेरजेत नाहीत.

गेल्या आठवड्यात नाशिकच्या एका नर्सरीवाल्या दादांना हाच फोटो आला, या वेळी ८,००० फूट. त्यांनी लव्हाळ्याचं काय करायचं विचारलं तर समोरचा म्हणाला, “वो भी लगा दो.” दादांनी फोन ठेवला. तुमच्यापैकी कुणाला आला असेल तर पैसे गेले नसले तरी तक्रार करा आणि सोबत तो चिडाच्या झाडांचा फोटो जोडा. एकच फोटो वेगवेगळ्या तक्रारींत आला तर प्रकरणं एकत्र करता येतील, असं तपास अधिकारी म्हणाले आहेत. एवढ्या महिन्यांत तेवढं एक कामाचं बोलले.