झिऑन ई५-१६५० व्ही२ आणि आय७-४७९० : दोन्ही वापरून झाल्यावरचा अनुभव (जुनं वर्कस्टेशन घेणाऱ्यांनी एसएमपीएसचं नक्की वाचा)

ज्यांना घाई आहे त्यांना आधीच सांगतो. जुना झिऑन (इंटेलचा सर्व्हर-वर्कस्टेशनसाठीचा प्रोसेसर) वाईट नाही, अजिबात नाही, पण प्रोसेसरचं नाव ऐकून पैसे देताना आपण खरं तर आख्खी पेटी, म्हणजे सगळा कॉम्प्युटर विकत घेत असतो, आणि त्या पेटीतला पॉवर सप्लाय म्हणजेच एसएमपीएस बघितल्याशिवाय एक रुपया देऊ नका. हे आज लिहायला बसलो कारण ऐन सीझनला आमची पेटी बंद पडली आणि त्यानंतर जो मनस्ताप झाला तो अजून डोक्यातनं जात नाही.

आमचं काम म्हणजे सांगलीत विश्रामबागला घरातच ऑफिस, ऑटोकॅडमध्ये प्लॅन, स्केचअपमध्ये मॉडेल, व्ही-रे या रेंडरच्या (मॉडेलवरून फोटोसारखं चित्र काढायच्या) सॉफ्टवेअरमध्ये एलिव्हेशन म्हणजे इमारतीचा दर्शनी भाग आणि इंटिरियरचे व्ह्यू. बंगले, रो-हाउस, मधनंच मिरज-कुपवाडकडची एखादी अपार्टमेंट. आधीपासून इंटेलचा आय७-४७९० होता, चार कोर (प्रोसेसरमधले काम करणारे भाग) आठ थ्रेड (एका वेळी चालणारी कामं), ४.० गिगाहर्ट्झपर्यंत जातो, तुम्हाला माहितीच आहे. मग मागच्या वर्षी पुण्याच्या एका सेकंडहँड डीलरकडून सहा कोर बारा थ्रेडवाला ई५-१६५० व्ही२ असलेलं वर्कस्टेशन घेतलं, क्वाड्रो ग्राफिक्स कार्डासकट ₹१८,०००. पेटीचं मॉडेल मुद्दाम लिहीत नाही, कारण असले प्रकार बऱ्याच ब्रँडेड पेट्यांत असतात.

हा प्रोसेसर २०१३ चा, निघाला तेव्हा नुसत्या चिपची किंमत ५८३ डॉलर होती आणि ॲपलच्या त्या गोल काळ्या मॅक प्रोमध्ये सहा कोरचा पर्याय म्हणून हाच यायचा. म्हणजे त्या काळचा मानाचा माल. आज नुसती चिप अगदी स्वस्तात पडते, कारण चिप टिकते पण तिला लागणारा एलजीए २०११ सॉकेटचा चांगला मदरबोर्ड मिळत नाही. जुन्या प्रोसेसरचा सगळा हिशोब इथेच आहे.

पहिले काही महिने मी खूष होतो. व्ही-रे बकेट मोडला टाकलं की स्क्रीनवर छोटे छोटे चौकोन फिरायला लागतात, एका थ्रेडला एक. ४७९० वर आठ दिसायचे, इथं बारा. लिव्हिंग रूमचा जो व्ह्यू ४७९० ला तासभर घ्यायचा तो झिऑनवर पाऊण तासात यायला लागला. दीडपट का नाही, तर ४७९० हा हॅसवेल आहे आणि १६५० व्ही२ त्याच्या आधीच्या आयव्ही ब्रिज पिढीतला, त्यामुळे कोर जास्त असले तरी एकेक कोर थोडा हळू. हे ऑटोकॅडमध्ये लगेच कळतं. मोठी ड्रॉइंग उघडून रीजेन (ड्रॉइंग परत काढायची कमांड) मारला की ४७९० पुढे. ऑटोकॅड आणि स्केचअपचं बरंचसं काम एकाच कोरवर चालतं, बाकीचे कोर नुसते बघत बसतात.

त्यामुळे जे लोक चायनीज एक्स९९ बोर्ड आणि त्यावर ई५-२६८० व्ही४ हा दुसरा झिऑन घ्या, चौदा कोर मिळतात असं सांगत सुटतात त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे की समोरच्याचं काम काय ते आधी विचारा. २.४ गिगाहर्ट्झचा बेस (नेहमीचा वेग) आणि जेमतेम ३.३ चा टर्बो (कमाल वेग), ड्राफ्टिंगला तो म्हणजे चौदा माणसं रानात आणली आणि खुरपं एकच दिलं असा प्रकार. शिवाय त्यातल्या कितीतरी बोर्डांवर नाव एक्स९९ आणि चिपसेट साध्या डेस्कटॉपचा काढून बसवलेला असतो. दिवसभर रेंडरच करणाऱ्याला जमेल. मला नाही.

खरा आनंद झाला तो रॅमचा, आणि याबद्दल कोण फारसं लिहीतच नाही. आमचा ४७९० एच८१ बोर्डावर आहे, दोनच स्लॉट, १६ जीबीच्या पुढं जाता येत नाही. बंगल्याभोवती झाडं, लॉन, कंपाउंडची वेल वगैरे टाकलं की सीन फुगतो आणि १६ जीबी भरली की डिस्कवर घासत बसतो नाहीतर सॉफ्टवेअर सरळ बंद. झिऑनला चार चॅनेल आणि सर्व्हरमधली उतरलेली रजिस्टर्ड डीडीआर३ चालते, ती साध्या डेस्कटॉपला चालतच नाही म्हणून स्वस्त. १६ च्या चार पट्ट्या टाकून ६४ जीबी केली आणि त्यानंतर एकही सीन रॅमसाठी अडला नाही. फक्त सगळ्या पेट्या रजिस्टर्ड घेत नाहीत, काहींना अनबफर्ड म्हणजे साधीच लागते आणि दोन्ही एकत्र तर कुठंच चालत नाहीत, म्हणून आत आधी लावलेल्या पट्टीचा पार्ट नंबर बघूनच ऑर्डर करा.

इथपर्यंत मी हे वर्कस्टेशन चार जणांना घ्यायला सांगितलं असतं.

मग एप्रिल आला. एका क्लायंटला अक्षय्य तृतीयेच्या भूमिपूजनाला फ्लेक्सवर लावायला एलिव्हेशन पाहिजे होतं. संध्याकाळी वळवाचा पाऊस, लाइट दोन-तीनदा आली-गेली, आणि नंतर बटण दाबलं तर नुसता पुढचा दिवा लुकलुकतोय, फॅन जरासा हलतो आणि थांबतो. कव्हर काढलं तर जळका वास. ओळखीच्या रिपेअरवाल्या दादांनी एसएमपीएस खोलला, आतले दोन कपॅसिटर वरनं फुगलेले आणि एकाच्या बुडाशी तपकिरी चिकट सांडलेलं. म्हणलं ठीक आहे, एसएमपीएस काय कुठंही मिळतो, नवा घालू.

तर नाही! साध्या बोर्डाला २४ पिनांचा जो कनेक्टर असतो तो इथं नाहीच. कंपनीची स्वतःची पिन, आकार वेगळा, वायरींची रांग वेगळी आणि एसएमपीएसची बॉडीही साध्या एटीएक्स मापाची नाही, म्हणजे नवा घातला तर स्क्रूची भोकं सुद्धा जुळत नाहीत. दादांनी दोन्ही कनेक्टर माझ्या हातात ठेवले आणि म्हणाले, "बघा साहेब, हे ह्यात जाणारच नाही. आणि जबरदस्तीनं घातलं तर बोर्ड बी जाईल." सांगलीत चार दुकानं फिरलो, कुणाकडे नाही. ऑनलाइन कन्व्हर्टर वायर मिळते म्हणतात, पण १३० वॅटचा प्रोसेसर आणि वर ग्राफिक्स कार्ड असल्या बिनब्रँडच्या वायरीवर रात्रभर रेंडरला सोडून झोपायची माझी तयारी नाही. बोर्ड काढून दुसऱ्या कॅबिनेटमध्ये घालावा तर बोर्डाची भोकं आणि पुढच्या बटणाची वायर पण वेगळी. सगळं एकमेकात अडकवून ठेवलेलं. कोट्यवधी कॉम्प्युटरला जो कनेक्टर चालतो तो यांना का चालू नये?

डीलरला फोन केला. बिलावर स्वच्छ लिहिलंय, "वर्कस्टेशन कम्प्लीट सेट, १ वर्ष वॉरंटी". तर म्हणे, "सर, पॉवर सप्लाय कव्हर होत नाही, व्होल्टेजमुळे गेलाय." मी म्हणलं, शेठ, कम्प्लीट सेट लिहिलंय ना, मग एसएमपीएस काय सेटच्या बाहेर येतो का? मग म्हणे पेटी पुण्याला पाठवा, कुरियर तुमचं, बघून सांगतो. किती दिवस? "आठ-पंधरा दिवस धरून चला." भूमिपूजन थांबणार होतं का पंधरा दिवस? शेवटी मुंबईत लॅमिंग्टन रोडवरनं एका ओळखीच्या मुलाकरवी त्याच मॉडेलचा जुना एसएमपीएस मागवला, ₹४,५००, गॅरंटी शून्य. मी बिलाचा फोटो, फुगलेल्या कपॅसिटरचा फोटो, तारखांसकट सगळं डीलरला पाठवत राहिलो तेव्हा कुठं त्यांनी निम्मे पैसे दिले. निम्मेच. ते बिल मी जपून ठेवलंय.

आणि त्या मधल्या दिवसात काम कोणी केलं? ४७९० नं. त्याचा एसएमपीएस साधा बाजारातला, उद्या गेला तर तासाभरात सांगलीतच दुसरा मिळतो. सीन हलका करून, झाडं कमी करून त्याच्यावरच एलिव्हेशन दिलं. त्या आठवड्यात माझं मत पूर्ण फिरलं होतं, झिऑन विकायला काढणार होतो.

त्याच रागात एक प्लगमध्ये लावायचा वॅटमीटर आणला आणि पेटी सुरू झाल्यावर दोन्ही मोजले. नुसतं डेस्कटॉप उघडं, काही चालू नाही, तर ४७९० साधारण ४२ वॅट आणि झिऑनची पेटी कार्डासकट ९५ च्या आसपास. रेंडरला ४७९० ११५ आणि झिऑन २१०. आता हिशोब करा. एक व्ह्यू काढायला ४७९० तासात ०.११५ युनिट घेतो, झिऑन पाऊण तासात जवळपास ०.१६. म्हणजे काम लवकर होतं पण वीज जास्तच जाते. आणि दिवसाचे दहा तास नुसता चालू ठेवला तर फरक अर्ध्या युनिटचा, महिन्याला, कामाचे दिवस धरून, १४ युनिट फुकट. आमचं घरचं मीटर, उन्हाळ्यात ३०० युनिटच्या काठावरच असतो आम्ही. महावितरणच्या स्लॅबमध्ये ३०० च्या वरच्या तेवढ्याच युनिटांना वरचा दर लागतो हे मला माहितीय, पण हे १४ युनिट नेमके त्या वरच्या दरातच बसतात ना!

लोक झिऑनचा १३० वॅट आणि ४७९० चा ८४ वॅट टीडीपी (प्रोसेसर किती तापेल याचा कंपनीनं दिलेला आकडा) बघून भांडतात. टीडीपी म्हणजे घरातल्या बिलाचा आकडा नव्हे. दिवसातला बराचसा वेळ मशीन रिकामंच असतं आणि रिकामं असताना पेटी किती ओढते ते बघायला पाहिजे.

मिरजेला मावसभावाकडं रायझन ५ ५६००जी आहे, २०२१ चा, सहाच कोर, ६५ वॅट. पेनड्राइव्हवर तोच लिव्हिंग रूमचा सीन घेऊन गेलो. अर्ध्या तासाच्या आत व्ह्यू बाहेर, मीटरवर जेमतेम १०० वॅट. इंटेलचा आय३-१२१०० सुद्धा, चारच कोर असून, जुन्या सहा कोर झिऑनला मागे टाकतो. विंडोज ११ दोन्हींवर अधिकृत चालतं. माझ्या दोन्ही मशीनवर अधिकृत चालत नाही, त्याला निदान आठव्या पिढीचा इंटेल लागतो, आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. शिवाय १६५० व्ही२ मध्ये एव्हीएक्स२ (आकडेमोड झटपट करायची प्रोसेसरमधली सोय) नाही, ४७९० मध्ये आहे, आणि नवीन सॉफ्टवेअर हळूहळू ते मागायला लागलीत. वयानं एकाच वर्षाचं अंतर, पण इथं ४७९० जास्त दिवस साथ देईल असं दिसतंय.

तरी झिऑन विकला नाही. जूनमध्ये कुपवाडच्या अपार्टमेंटचं काम आलं, चार मजले, पार्किंग, बाग, सगळं एकाच फाइलमध्ये, आणि ४७९० वर ती फाइल रेंडरला गेलीच नाही, रॅम संपली. झिऑननं पन्नासच्या वर जीबी खाऊन रात्रभरात सगळे व्ह्यू काढले, एकदाही अडकला नाही. हे काम नव्या मशीनवर करायचं तर प्रोसेसर स्वस्त पडला तरी ६४ जीबी रॅमचे पैसे वेगळे मोजायचे. तेव्हा आता दिवसा ड्राफ्टिंगला ४७९०, आणि झिऑन फक्त रेंडरपुरता चालू करतो, काम झालं की पेटी भिंतीवरच्या बटणानं बंद. वळवाचं आभाळ दिसलं तर प्लगच काढतो.

घ्यायचंच असेल तर डीलरला साइडचं कव्हर काढून एसएमपीएसच्या लेबलचा आणि बोर्डातल्या मुख्य कनेक्टरचा फोटो मागा, त्या पार्ट नंबरचा सुटा एसएमपीएस कुठं आणि कितीला मिळतो ते फोन करून विचारा, तेवढे पैसे किमतीतनं वजा करा आणि मगच भाव बोला. बिलावर "एसएमपीएससह" हा शब्द लिहून घ्या, नुसतं कम्प्लीट सेट नको. ६४ जीबीसकट ₹१५,००० पर्यंत मिळत असेल आणि तुमचे सीन खरंच मोठे असतील तर घ्या. १६ जीबीवर तेवढेच मागत असेल तर घेऊ नका, थोडे पैसे साठवून ५६००जी किंवा १२१०० बघा, आणि ४७९० आधीच घरात असेल तर त्याला चार स्लॉटचा जुना बोर्ड शोधून ३२ जीबी करा, बऱ्याच जणांचं काम तेवढ्यात भागतंय.