लँडमास्टरला घेतलेला 'ओरिजिनल' स्पीडोमीटर आणि गरारी झिजल्याची थाप

कोल्हापुरात जुन्या गाड्यांचं वेड काय नवीन नाही, दसऱ्याला छत्रपती घराण्याची जुनी मेबॅक गाडी बाहेर आली की लोक नुसती गाडी बघायला थांबतात. हे वेड ओळखूनच जुने पार्ट विकणारे आपल्याला गाठतात, म्हणून सविस्तर लिहितोय.

वडिलांच्या लँडमास्टरला (हिंदुस्तान मोटर्सची जुनी गाडी) स्मिथ्स या ब्रिटिश कंपनीचा मैलवाला स्पीडोमीटर पाहिजे होता. ऑनलाइन एकानं टाकला होता, ओरिजिनल, चालू कंडिशन, सोबत केबल. पैसे आधी घेतले. मीटर दिसायला एकदम झकास, बसवला, केबल गिअरबॉक्सला जोडली आणि गाडी शिरोलीकडं हायवेला काढली तर फोनच्या जीपीएसवर ४८ किलोमीटर म्हणजे ३० मैल आणि काटा ४० वर! ६४ ला, म्हणजे ४० मैलाला, काटा ५३ च्या आसपास. खालचे मैलाचे आकडे पण तसेच, गाडी तीन मैल गेली की हे चार दाखवणार.

फोन केला तर म्हणतो, दादा तुमच्या गिअरबॉक्समधली केबल फिरवणारी गरारी (दातांचं चाक) झिजलीय, माझ्याकडं आहे, स्वस्तात लावतो. ही सरळ सरळ थाप आहे. गरारी झिजली तर काटा थरथरेल, मधेच बंद पडेल, पण झिजून दातांची संख्या बदलत नाही, मग दर स्पीडला त्याच हिशोबानं जास्त कसं दाखवेल? मीटरची स्प्रिंग ढिली पडली तर फक्त काटा चुकतो, मैलाचे आकडे नाही. दोन्ही एकाच प्रमाणात चुकतात म्हणजे मीटरच्या आतली मशिनरीच दुसऱ्या गाडीची.

स्मिथ्सच्या डायलवर खाली बारीक आकडा असतो, समजा १४०८, म्हणजे केबल १४०८ वेळा फिरली की एक मैल. आपल्या गाडीचा आकडा काढायला केबल मीटरकडनं सोडायची, आतल्या तारेला कागदाची पट्टी चिकटवायची, न्यूट्रलमध्ये गाडी ५२.८ फूट सरळ ढकलायची, फेरे मोजायचे आणि १०० नं गुणायचं, अर्धा पाव फेरा पण धरायचा. आमचा आकडा डायलशी बरोबर जुळला, तरी मीटर चुकतो म्हणजे डायलवरच संशय! मग उद्यमनगरात एका जुन्या मिस्त्रींकडनं मीटर उघडून घेतला, तर डायल म्हणजे छापलेला स्टिकर, भिंगातनं शाईचे ठिपके दिसत होते आणि ६० च्या खाली हवेचा फुगा. केबलच्या तारेचं टोक हातोडीनं ठोकून चौकोनी केलेलं आणि वरपर्यंत ग्रीस थापलेलं, खरंतर मीटरकडचे सहा-आठ इंच कोरडे ठेवतात, नाहीतर ग्रीस चढून मीटरात जातं.

हे सगळं सांगितल्यावर तो म्हणाला मीटर परत पाठवा, पैसे देतो. कुरिअर पोचलं आणि माझा नंबर ब्लॉक. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केलीय, पैसे अजून आलेले नाहीत, आणि तोच मीटर परत विकायला लागलाय, फोटोत ६० खालचा फुगा स्पष्ट दिसतोय. कुणी घेत असाल तर आधी मागच्या बाजूचा फोटो आणि केबल हातानं फिरवून आकडे पुढं सरकतानाचा व्हिडिओ मागा, तोवर एक रुपया पाठवू नका.